आनंदाचे पुराण रचणारे पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत एखाद्या थोर ख्रिस्ती पुरुषाचे चरित्र असावे, अशी संपादक मंडळाची इच्छा झाली व ते काम माझ्याकडे आले. संतचरित्रे पुष्कळ आहेत. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे नाव तर आपल्या घराघरांत आहे. तथापि मी जाणूनबुजून अशा एका धर्मगुरूंची निवड केली आहे की, ज्यांना ख्रिस्तसभेने संतपद दिलेले नाही, आणि तरीही ज्यांचे ऋण आपण दर रविवारी मराठीतून पवित्र मिस्सा ऐकताना व मराठीतून गाताना नकळत आपल्या शिरी घेत असतो. ते म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

प्रभूच्या चरित्राला आपण शुभवर्तमान म्हणतो. शुभवर्तमान म्हणजे आनंदाची बातमी. आता बातमी कितीही आनंदाची असली, तरी ती परक्या भाषेत सांगितली तर ऐकणारा आदराने मान डोलावील. घरी जाऊन शेजाऱ्यास ती सांगावी, असे मात्र त्यास वाटणार नाही. ही गोष्ट ज्या काळी फार थोड्यांना उमगली होती, त्या काळी ती ज्यांनी ओळखली व तिच्यापायी आपले उभे आयुष्य वेचले, त्यांची ही कथा आहे.

इंग्लंड देशी विल्टशायर परगण्यातील बुश्टन नावाच्या खेड्यात सुमारे १५४९ साली थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म झाला. वडील लंडनचे व्यापारी. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. मात्र काळ कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत कॅथोलिक धर्म पाळणे हा गुन्हा ठरला होता. मिस्सा करणाऱ्यास शिक्षा होई, तशी ऐकणाऱ्यासही होई. त्यामुळे श्रद्धावंतांची घरे हीच देवळे झाली होती, आणि तेथेही दारे लावून, हलक्या आवाजात सर्व विधी उरकावे लागत. ज्या देशात आपल्या श्रद्धेचे गाणे मोठ्याने म्हणण्याची सोय नव्हती, अशा देशात ह्या तरुणाचे दिवस गेले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तरुणपणी त्यांना एक मित्र लाभला. त्याचे नाव थॉमस पाउंड. हा श्रीमंत गृहस्थ राणीच्या दरबारी वावरणारा, नृत्यात निपुण म्हणून नावाजलेला. एका नाताळात दरबारच्या खेळांत गिरकी घेता घेता तो पडला आणि राणीने सर्वांदेखत त्याची टर उडविली, अशी हकीकत सांगतात. त्या एका क्षणी त्याला दरबारी सुखाची किंमत कळून चुकली. तो दरबार सोडून घरी आला व पूर्वजांच्या श्रद्धेकडे वळला. पुढे त्याच्या सोबतीला स्टीफन्स आले. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत केला. स्टीफन्स ह्यांनी पाउंडचा चाकर असल्याचा वेष घेतला. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. तेव्हापासून ह्या ना त्या तुरुंगात त्याची सुमारे तीस वर्षे गेली.

स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी सांत आंद्रेया येथील उमेदवारांच्या मठात दाखल झाले. पण मित्राचा त्यांना विसर पडला नाही. १५७८ साली त्यांनी पाउंडच्या छळाची सविस्तर हकीकत लिहून संघाच्या श्रेष्ठींपुढे ठेवली व त्याला तुरुंगात असतानाच संघात घ्यावे अशी विनंती केली. महाप्रमुख मर्क्युरियन ह्यांनी त्या वर्षाच्या १ डिसेंबरला ती मान्य केली. कोठडीच्या बाहेर पाऊल न टाकता पाउंड येशूसंघीय झाला! आपल्याला मिळालेला आनंद आपल्यापाशीच ठेवायचा नाही, तो ज्याला मिळू शकत नाही त्याच्यापर्यंत कसेही करून पोहोचवावयाचा, हा स्टीफन्स ह्यांचा स्वभाव येथेच प्रथम दिसतो. पुढे त्यांनी जे मोठे कार्य केले, त्याचे बीज मला तरी ह्या अर्जात दिसते.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा ताफा लिस्बन बंदरातून कर्ण्यांच्या व तोफांच्या आवाजात निघाला. त्यातून स्टीफन्स हिंदुस्थानास निघाले. प्रवासास सहा महिने वीस दिवस लागले. गोव्यास पोहोचल्यावर वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र उपलब्ध आहे. त्यात वारे पडल्यामुळे भोगलेला उकाडा आहे, हिरड्या सुजविणारा खलाशांचा रोग आहे, दीडशेच्या आसपास आजारी पडून सत्तावीस दगावल्याचा हिशेब आहे. आणि त्याच पत्रात उडणारे मासे, समुद्रपक्षी, ताऱ्यांवरून व सूर्यावरून मार्ग काढण्याच्या युक्त्या ह्यांचे असे रसाळ वर्णन आहे की, लिहिणारा मृत्यूच्या छायेतून आला आहे हे क्षणभर विसरायला होते. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याच्या भूमीवर उतरले. पुढील साली त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि साष्टी प्रांती त्यांची नेमणूक झाली.

येथे एक खुलासा केला पाहिजे. साष्टी म्हटले की आपल्या मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे वांद्रे, कुर्ले, ठाणे येतात. ती उत्तरेकडील साष्टी. फादर स्टीफन्स ह्यांची साष्टी म्हणजे गोव्याच्या दक्षिणेचा मडगाव, राचोल, बाणावली हा मुलूख. तेथेच त्यांची सुमारे चाळीस वर्षे गेली. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

ह्या मुलखात त्या वेळी जे चालले होते, ते झाकून ठेवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. पोर्तुगीज सरकारने १५६७ साली साष्टीतील हिंदूंची मंदिरे पाडली होती. नवख्रिस्ती झालेल्यांस जुनी पुराणे ऐकण्यास व जुने उत्सव करण्यास मनाई होती. असे उपाय योजणे ही आपल्या पूर्वसूरींची मोठी चूक होती, असे आज ख्रिस्तसभेचा एक सेवक म्हणून लिहिताना मला संकोच वाटत नाही. त्याची आंबट फळे लवकरच आली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावी नव्या देवळासाठी जागा पाहावयास गेलेले फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती, तसेच त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती जन, गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. हे आक्वाविवा नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. त्यानंतर सरकारने गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. त्या पाच हुतात्म्यांना १८९३ साली धन्य म्हणून घोषित करण्यात आले. किल्ल्यात पडलेल्यांसाठीही आपण प्रार्थना करावी, असे मला वाटते.

ह्या घटनेनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, फादर स्टीफन्स ह्यांनी आपला भाऊ रिचर्ड ह्याला पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची करुण कहाणी आहेच. पण त्याच पत्रात ह्या देशाच्या भाषांविषयीही मजकूर आहे. त्यांचे उच्चार गोड आहेत व त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी जुळते, असे त्यांनी नमूद केले आहे. युरोपातील विद्वानांनी हे नाते शास्त्र म्हणून मांडण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. मला मात्र विद्वत्तेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटते. ज्या लोकांच्या हातून आपले बंधू मारले गेले, त्यांच्याच बोलीचे माधुर्य त्याच कागदावर लिहिणाऱ्या माणसाचे मन कसे असेल! द्वेषाला तेथे जागा नव्हती, हे उघड आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. ते राणी एलिझाबेथचे अकबर बादशहाला लिहिलेले पत्र घेऊन निघाले होते. म्हणजे ज्या राणीच्या राज्यात फादरांचा मित्र बंदिवासात खितपत होता, तिचेच हे प्रजाजन. फादर स्टीफन्स ह्यांनी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविले. फिच ह्याने पुढे मायदेशी गेल्यावर हा उपकार लिहून ठेवला आहे.

आता मुख्य विषयाकडे येऊ. साष्टीच्या देवळांत रविवारी दुपारी प्रौढांना धर्मशिक्षण दिले जाई. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच असा प्रसंग वर्णिला आहे की, अशा एका शिकवणीच्या वेळी एका ब्राह्मणाने उठून पाद्रींस विचारले. त्याचा आशय असा : तुम्ही शिकविता ते चांगलेच आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? करमणूक म्हणून म्हणा, भक्ती म्हणून म्हणा, लोक काय गातील?

वाचकहो, हा प्रश्न साधा नाही. ज्या धर्मगुरूंनी लोकांपासून त्यांचे गाणे काढून घेतले होते, त्यांनाच हा प्रश्न होता. नियम पाठ झाले होते, प्रार्थना पाठ झाल्या होत्या. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर घरची माणसे एकत्र बसून जे ऐकत, जे ऐकता ऐकता कधी डोळे पुसत व कधी हसत, ते नाहीसे झाले होते. श्रद्धा होती, सण होते, परंतु त्या सणांना कंठ नव्हता. ज्यांनी स्वतःच्या मायदेशी दबलेल्या आवाजात मिस्सा ऐकली होती, त्या फादर स्टीफन्स ह्यांना ही मूकता काय असते हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

त्यांनी पुराण रचावयास घेतले. त्यासाठी भाषा निवडली ती मराठी, कारण पुराणासारख्या विषयाला तीच सर्वांत योग्य, असे त्यांचे मत होते. आणि सामान्य जनांस समजावे म्हणून तीत तेथील बोलीचे सोपे शब्द मिसळले. छंद निवडला तो ओवीचा. पैठणचे एकनाथ महाराज १५९९ साली निवर्तले, म्हणजे ते फादरांचे समकालीनच. त्यांच्या व ज्ञानेश्वरांच्या ग्रंथांतून जी ओवी महाराष्ट्राच्या कानी बसली होती, तीच ह्या इंग्रज पाद्रींनी उचलली. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले. आपल्या भाषेच्या स्तुतिपर ज्या ओव्या त्यांनी लिहिल्या, त्या आज शाळेतील मुलांनाही ठाऊक असतात. मात्र लिहिणारा विलायतेहून आलेला कॅथोलिक धर्मगुरू होता, हे पुष्कळांस माहीत नसते. आम्ही सेमिनरीत असताना ख्रिस्तपुराणाचे नाव परीक्षेपुरते पाठ केले होते, पान मात्र एकही उलटले नव्हते, ही कबुली येथे देतो.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ अध्याय. त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्याचे ५९, त्यात प्रभू येशूचा जन्म, काना गावचे लग्न, चमत्कार, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण आहे. एकूण सुमारे ११,००० ओव्या. मराठी ही ज्यांची जन्मभाषा नाही, अशा माणसाने हे केले आहे. तेही मठात निवांत बसून नव्हे. साष्टीतील एका देवळाहून दुसऱ्या देवळात बदली होत असता, पापकबुलीजबाब ऐकत, आजाऱ्यांस अखेरचे संस्कार देत, मडगावच्या कॉलेजाची जबाबदारी सांभाळत. आम्हा धर्मगुरूंना रविवारच्या प्रवचनासाठी आठवड्यात एक तास मिळत नाही अशी आमची तक्रार असते!

एक खंत मात्र त्यांना अखेरपर्यंत राहिली. ग्रंथ मराठी, पण तो छापावयाचा कोणत्या अक्षरांत? गोव्यातील छापखान्यात रोमन अक्षरे होती. देशी अक्षरे नव्हती. १६०८ साली फादरांनी रोमला महाप्रमुखांकडे पत्र पाठवून ह्या देशाच्या भाषेत व ह्या देशाच्या अक्षरांत पुस्तके छापण्याची परवानगी व साह्य मागितले. अडचण त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिली आहे : रोमन लिपीला चोवीस साचे पुरतात, येथील लिपी अक्षरसंधींची असल्यामुळे सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतात. हे महाप्रमुख म्हणजे क्लाउदियो आक्वाविवा, कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुदोल्फ ह्यांचे सख्खे चुलते. पुतण्याला ज्या लोकांनी मारले, त्यांच्याच लिपीसाठी चुलत्याकडे केलेला हा अर्ज होता. साचे काही पाडले गेले नाहीत. अखेर १६१६ साली राचोल येथे ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांतच छापून निघाले. तुरुंगातून सुटून वृद्ध झालेला मित्र पाउंड त्याच्या आदल्याच साली, १६१५ मध्ये, इंग्लंडात देवाघरी गेला होता.

मग साष्टीच्या देवळांत रविवारी व सणाच्या दिवशी मिस्सा झाल्यावर हे पुराण वाचले जाऊ लागले. एकाने गावे, बाकीच्यांनी ऐकावे. बेथलेहेमच्या गोठ्यातील बाळाची कथा ओवीच्या चालीवर कानी पडावी. पूर्वी ज्या तऱ्हेने पुराणिकापुढे लोक बसत, तसेच ते आता बसले. फक्त कथा आता प्रभूची होती. लोकांपासून घेतलेले गाणे त्यांना परत मिळाले होते. लोकांची आवड एवढी की, १६४९ व १६५४ साली ग्रंथ पुन्हा छापावा लागला.

फादरांनी हे फार दिवस पाहिले नाही. १६१९ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, साष्टीतच त्यांचा अंत झाला. त्यांनी कोकणीत लिहिलेली ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे १६२२ साली व त्याच भाषेचे व्याकरण १६४० साली राचोलला छापले गेले. ते व्याकरण ह्या देशाच्या अर्वाचीन भाषांपैकी एकीचे छापलेले पहिले व्याकरण मानतात.

त्यानंतर काळ फिरला. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून लोकांच्या भाषेला बंदी घातली व सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असा हुकूम केला. जे गाणे एका पाद्रींनी चाळीस वर्षे खपून मिळवून दिले होते, ते पुन्हा दबले. त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती येत नाही. पण पुराण मेले नाही. लोकांनी हाताने नकला उतरून घेतल्या. दुष्काळ, लढाया व जाच ह्यांमुळे जी ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून दक्षिणेस कानडा मुलखात गेली, त्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर ही बाडेही नेली. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेले आणि १७९९ पर्यंत ते तेथे राहिले. त्या बंदिवासात धर्मगुरू नव्हते, मिस्सा नव्हती. तेव्हा ख्रिस्तपुराण वाचून त्यांनी श्रद्धा टिकविली, असे मंगळूरकडील परंपरेत सांगतात. पाउंडच्या कोठडीपर्यंत पोहोचलेल्या आनंदासारखाच हा आनंदही दुसऱ्या एका बंदिवासात पोहोचला. अशाच जुन्या नकला मिळवून जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला.

आपल्या मुंबई बेटाकडेही ह्या झऱ्याचा एक पाट आला. फादर स्टीफन्स ह्यांच्या मागून चाळीस वर्षांनी, १६५९ साली, फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश ह्या धर्मगुरूंनी उत्तर कोकणच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण रचले. वसई, ठाणे, मुंबई ह्या बाजूस प्रायश्चित्तकाळात ते गाइले जाई. त्या काळी माझगावला १६३२ पासून ग्लोरिया मातेचे देऊळ उभे होते. पुढे १९११ ते १९१३ ह्या वर्षांत ते आपल्या भायखळ्यास नव्याने बांधले गेले. त्या जुन्या देवळाच्या अवतीभवती कोळी, भंडारी, आगरी अशा किती घरांत त्या पुराणाचे स्वर घुमले असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी. नंतर गिरण्या आल्या, सावंतवाडी, वेंगुर्ले, गोवा येथून माणसे आली, चाळी व कूड भरले. प्रत्येकाने आपापले गाणे आणले. आज आपल्या देवळात मराठी गायनाला जे चार आवाज जमतात, त्यांत ह्या सर्व वाटांची माणसे आहेत.

आता अक्षरांची गोष्ट पुरी करतो. १९२०च्या सुमारास लंडन येथील एका ग्रंथसंग्रहात ख्रिस्तपुराणाची देवनागरी अक्षरांत लिहिलेली जुनी प्रत असल्याचे अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट ह्यांच्या लक्षात आले. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यास संपूर्ण ग्रंथ देवनागरीत छापून प्रसिद्ध केला. १६०८ साली फादरांनी जे मागितले होते, ते त्यांच्या लोकांच्या हाती पडावयास ३४८ वर्षे लागली.

ह्या महोत्सवी वर्षाच्या आगमनकाळात दर रविवारी मराठी मिस्सा झाल्यावर, त्या ग्रंथातील प्रभुजन्माच्या ओव्या देवळात गाण्याचे योजिले आहे. वाचणाऱ्यांनी आपली नावे देवळाच्या कचेरीत द्यावीत. चाल कोणती लावावी ह्याविषयी गायकवृंदात एकमत झालेले नाही. तरी ज्या आजीबाईंना जुन्या ओवीची चाल अद्याप येत असेल, त्यांनी पहिल्या तालमीस अवश्य यावे. वयाची व आवाजाची सबब ऐकली जाणार नाही.